मनोरुग्णालयातल्या आजी आणि त्यांचे हक्क: वाचकांचे प्रश्न

मनोरुग्णालयात दाखल असलेल्या वृद्ध स्त्रियांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. मनोविकारतज्ज्ञ, रुग्णालयीन समाजसेवक आणि वकील अशा तिघांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं, गावं आणि रुग्णालयांची नावं गाळली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे कलमांचे आकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधले आहेत. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे.

माझी मावशी ७२ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिला सरकारी मनोरुग्णालयात दाखल केलं. परवा भेटायला गेले तर केस बारीक कापलेले, अंगात मागून उघडा राहणारा गाऊन. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई. हात सारखा खांद्याकडे जात होता, पदर शोधत. चष्मा आणि कवळी ‘हरवतात म्हणून’ ऑफिसात ठेवली आहे. सिस्टर म्हणाल्या, सगळ्यांना हाच नियम. खरंच असा नियम आहे का? आणि तिला दाखल केलंय तिच्या मुलाने. मी नुसती भाची, मला विचारायचा अधिकार आहे का?

असा नियम नाही. जो आहे तो नेमका याच्या उलट आहे. कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की रुग्णाचं डोकं सक्तीने भादरायचं नाही, तिची इच्छा असेल तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे, संस्थेचा गणवेश तिच्यावर लादायचा नाही, आणि अंग उघडं पडणार नाही असे नीट कपडे द्यायचे. खाजगीपणा, स्वच्छ संडास-बाथरूम, पुरेशी जागा, सकस जेवण हे सगळं त्याच कलमात येतं. वॉर्डातली झाडलोट, भांडी, स्वयंपाकघरातलं काम सक्तीने करून घेता येत नाही, आणि स्वखुशीने केलं तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. ‘आजी, जरा एवढ्या चादरी घड्या करा’ हेसुद्धा रोजचंच झालं तर कामच आहे.

भाचीचा अधिकार पुढच्या सगळ्याचा पाया आहे, म्हणून तो आधी. कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ अशी व्यक्ती असते. रुग्णाने कुणालाच नेमलं नसेल तर बहुतेक वेळा दाखल करणारा नातेवाईकच ती जागा घेतो, म्हणजे तुमच्याकडे मुलगा. पण कलम १४ प्रमाणे मावशी स्वतः साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, तुम्हाला नेमू शकते. आधी नेमलेलं नाव ती केव्हाही बदलू शकते. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, मुलाची संमतीही लागत नाही. मजकूर इतकाच पुरे: ‘मी (नाव, वय, वॉर्ड) माझी भाची (नाव, पत्ता, फोन) हिला माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. आधीची नेमणूक रद्द समजावी.’ खाली तारीख आणि मावशीची सही. त्याखाली ‘मला ही जबाबदारी मान्य आहे’ असं लिहून तुमची सही. प्रती दोन करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच न घेता वॉर्डात सिस्टरच्या हातात दिलेला कागद केसपेपरला लागेलच याची खात्री नसते, आणि महिन्याभराने तो दिला होता हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच राहत नाही. ‘ती मनोरुग्ण आहे, तिची सही चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर कलम ४ दाखवा. प्रत्येक व्यक्तीला निर्णयक्षमता आहे असं धरूनच कायदा चालतो. तिला माहिती समजते का, परिणाम कळतात का, आपलं म्हणणं बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने सांगता येतं का, एवढंच पाहायचं असतं. तिचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं ठरवता येत नाही.

मग वस्तूंचा अर्ज. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, एका पानात, आणि तक्रारीचा सूर न लावता मागणीचा. ‘कर्मचारी क्रूर आहेत’ असं लिहिलंत की खुलासे मागवले जातात, वॉर्ड बचावात जातो आणि चष्मा ऑफिसातच राहतो. असं लिहा: ‘कलम २० नुसार रुग्णास (१) स्वतःचे कपडे वापरू द्यावेत, (२) चष्मा व कवळी दिवसभर तिच्याजवळ असावी, (३) तिच्या संमतीशिवाय केस कापू नयेत. यापैकी काही देणे शक्य नसल्यास त्याचे वैद्यकीय कारण केसपेपरवर नोंदवून आम्हांस लेखी कळवावे.’ सगळा जोर या शेवटच्या वाक्यात आहे. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, पण त्या नकाराखाली कारण लिहून सही करायला फार थोडे लोक तयार होतात.

साडीबद्दल वॉर्डाची भीती खोटी नसते. लांब कापडाने गळफास घेतला जाऊ शकतो, आणि ती जबाबदारी ड्युटीवरच्या सिस्टरच्या डोक्यावर असते. पण हा धोका त्या त्या रुग्णाचा तपासायचा असतो, सरसकट सगळ्या वॉर्डाचा नाही. मावशीने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केलेला नसेल, तसे विचार ती बोलून दाखवत नसेल, तर डॉक्टरांनी तसं केसपेपरवर लिहावं आणि साडी द्यावी. मध्यममार्ग म्हणून दिवसा साडी, रात्री पुढून बटणांचा बंद गाऊन, हे बहुतेक ठिकाणी मान्य होतं. कपडे नेताना तीन जोड न्या. धोबीखान्यात सगळ्यांचे कपडे एकत्र उकळले जातात आणि शाईने लिहिलेलं नाव जातं, म्हणून पदराच्या आतल्या टोकाला आणि ब्लाउजच्या मानेला दोऱ्याने नाव शिवा. ब्लाउज पुढून उघडणारा, हूकऐवजी टिचबटणांचा. परकराला नाडी नको, इलॅस्टिक घाला. ही गोष्ट फार क्षुल्लक वाटते, पण वार्धक्यात बोटं आखडलेली असतात, औषधांनी हात थरथरतो, आणि ओल्या नाडीची गाठ संडासाच्या दारात सुटत नाही. कपडे ओले होतात. असं दोनदा झालं की केसपेपरवर ‘लघवीवर ताबा नाही’ अशी नोंद पडते आणि डायपर सुरू होतो. एकदा लागलेला डायपर सहसा निघत नाही, कारण मग तिला संडासला कुणी नेतच नाही.

केस कापण्याचं कारण बहुधा उवा सांगतात. त्यावर उपाय आहे: धुऊन पुसलेल्या केसांना परमेथ्रिन १ टक्क्याचं लोशन मुळापासून लावायचं, १० मिनिटांनी धुवायचं, बारीक फणीने विंचरायचं, आणि लिखांतून निघालेल्या उवांसाठी ७ ते १० दिवसांनी पुन्हा एकदा. एकट्या मावशीला लावून भागत नाही. वॉर्डातल्या सगळ्या बाधित बायकांना एकाच दिवशी लावलं आणि फण्या, उशांचे अभ्रे गरम पाण्यातून काढले तरच थांबतं. तसं होत नाही म्हणून उवा परत येतात, आणि मग कात्री हाच उपाय असल्याचं सांगितलं जातं.

चष्म्याला दोरी लावा, दांडीच्या आतल्या बाजूला नाव कोरून घ्या. कवळी नावाच्या डबीत, रात्री पाण्यात. मानसिक आजाराच्या बऱ्याच औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि कवळी सैल होते. जेवताना ती निघाली की ‘जेवायला नकार देते’ असा शेरा पडतो, तेव्हा कवळी बसते की नाही हे स्वतः पाहा. कानाला कमी ऐकू येत असेल तर तेही केसपेपरवर ठळक लिहायला सांगा. न ऐकू आलेल्या प्रश्नाला उत्तर न देणारी बाई ‘असहकार्य करते’ या सदरात जाते, आणि आजूबाजूचं कुजबुजणं नीट न ऐकू आल्याने तिचा संशयही वाढतो.

अर्जाला उत्तर आलं नाही तर पुढची पायरी कलम २८ ची: आधी प्रमुख वैद्यकीय अधिकारी, तिथे समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ, आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे आजी किंवा माजी न्यायिक अधिकारी असतात. मंडळाकडे अर्जाला फी नाही. मावशी स्वतः, तुम्ही प्रतिनिधी म्हणून, किंवा तिच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. अपवादात्मक परिस्थितीत दाखल रुग्णाचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ घेऊ शकतं. अशा अर्जाचा निकाल ९० दिवसांत लागायला हवा. मंडळाचा पत्ता रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मिळेल.

एक सूचना. तक्रार केली तर वॉर्डात तिचे हाल होतील, ही भीती खरी असते आणि तिला आधी विचारल्याशिवाय कागद देऊ नका. अर्ज दिल्यावर दोन-तीन आठवडे भेटी वाढवा, वेळ बदलून जा. कलम २६ प्रमाणे वाजवी वेळेत भेटणं आणि फोनवर बोलणं हा तिचा हक्क आहे, दिलेली सवलत नव्हे.

आई ७८ वर्षांची. विसराळूपणा होताच. महिन्यापूर्वी अचानक रात्रभर ओरडू लागली, मारायला धावली, म्हणून खाजगी मनोरुग्णालयात ठेवलं. आता ओरडत नाही, पण दिवसभर झोपते, लाळ गळते, पाय ओढत चालते, हात कापतो. संध्याकाळी तिला ओढणीने खुर्चीला बांधलेलं पाहिलं. डॉक्टर म्हणतात आजार वाढलाय. खरं काय मानावं?

दोन्ही शक्यता आहेत, पण तुमच्या पत्रातला ‘अचानक’ हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस बदललं, सकाळी बरं आणि रात्री भ्रमिष्ट असं वरखाली होऊ लागलं, तर आधी डेलिरियम म्हणजे शारीरिक कारणाने आलेला भ्रम शोधायचा. वृद्ध स्त्रियांत त्याची नेहमीची कारणं म्हणजे लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार-पाच दिवसांचा मलावरोध, कमी पाणी, रक्तातलं सोडियम घटणं, न्यूमोनिया, लक्षात न आलेलं खुब्याचं हाड मोडणं, आणि नवं औषध. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या आणि कार्बामाझेपिनसारखी औषधं म्हाताऱ्या बायकांत सोडियम उतरवतात. म्हणून विचारा: लघवीची तपासणी आणि गरज असल्यास कल्चर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ झालं आहे का? पडल्याचा इतिहास असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन?

घरच्या माणसाला करता येण्यासारखी एक तपासणी आहे. आईला रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. शाळा न शिकलेल्या बाईलाही हे जमतं. सुरुवातीचा स्मृतिभ्रंश असलेली बाई बहुधा अडखळत का होईना, पुढे जाते. डेलिरियममध्ये लक्षच टिकत नाही, दुसऱ्या वारानंतर ती भलतंच बोलू लागते. दिवसातून दोनदा करून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

लाळ, थरथर, पाय ओढणं, चेहरा कोरा होणं हे हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांचे ओळखीचे परिणाम आहेत. वृद्धांत हॅलोपेरिडॉलची सुरुवात ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमने करायची असते. तरुण रुग्णाला दिलं जातं ते ५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन अठ्ठ्याहत्तरीच्या बाईला फार होतं. थरथर थांबवायला मग ट्रायहेक्सीफेनिडिल जोडलं जातं. म्हातारपणी तेच औषध लघवी तुंबवतं, शौचाला कडक करतं, डोळ्यांसमोर धूसर आणतं आणि भ्रम वाढवतं. भ्रम वाढला की पुन्हा हॅलोपेरिडॉल वाढतं. या फेऱ्यात अडकलेल्या आजी प्रत्येक वॉर्डात सापडतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांना ही औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने रिस्पेरिडोनसारख्या नव्या औषधांबद्दल २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबद्दल २००८ मध्ये दिला होता. तरी कधीकधी ती लागतात, जेव्हा रुग्ण स्वतःला किंवा इतरांना खरोखर इजा करत असेल. तेव्हा सर्वांत कमी मात्रा, ठरलेली मुदत आणि थांबवायची तारीख असावी. भासांबरोबर चाल बिघडण्याची सुरुवात औषधांच्या आधीपासून असेल तर ते आवर्जून सांगा. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉल जिवावर बेतू शकतं.

तुम्ही स्वतः गोळी बंद करू नका. बरीच औषधं एकदम तोडली की ताप, उलट्या, जास्त अस्वस्थता येते, आणि झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटकाही येऊ शकतो. डॉक्टरांना भेटताना आरोप नको, चार नेमके प्रश्न न्या: हे औषध कुठल्या लक्षणासाठी? मात्रा कधी कमी करणार? तिचा रक्तदाब झोपून आणि उभं केल्यावर तीन मिनिटांत वेगळा मोजला का? (वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर ती पडणारच.) शेवटची शौचाला कधी झाली? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, अर्धे प्रश्न त्यानेच सुटतात. केसपेपरच्या मूळ नोंदी पाहण्याचा हक्क कलम २५ प्रमाणे आईला आहे, त्या मागा आणि दुसऱ्या, शक्यतो वृद्धांच्या आजारांची सवय असलेल्या डॉक्टरांना दाखवा.

राहिली ओढणी. बांधलेली ओढणी ‘पडू नये म्हणून’ असली तरी तिला बंधनच म्हणतात. कलम ९७ प्रमाणे असं बंधन फक्त समोर उभा ठाकलेला तातडीचा धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सततच्या देखरेखीत घालायचं असतं. पद्धत, कारण आणि वेळ केसपेपरवर लिहावी लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावं लागतं. तुम्हाला कळवलं होतं का, हे लेखी विचारा. एवढ्याने ओढणी बहुधा दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

मी ६९ वर्षांची आहे. हे पत्र एका कार्यकर्तीकडून लिहवून घेते आहे. आवाज ऐकू यायचे म्हणून इथे आणलं, आता दोन वर्षं काही नाही. डॉक्टर म्हणतात तुम्ही बऱ्या आहात. पण मुलगा न्यायला येत नाही आणि नातेवाइकाच्या सहीशिवाय सोडत नाहीत. मागे मुलगा आला तेव्हा घराच्या कागदांवर अंगठा मागत होता. मी दिला नाही. माझं काही चुकलं का?

ताई, तुमचं काही चुकलं नाही. अंगठा दिला नाहीत हे फार चांगलं केलंत. यापुढेही वकील सोबत असल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नका, मग तो कागद ‘पेन्शनचा’ आहे असं का सांगेनात.

आधी सुटकेबद्दल. तुम्हाला कुठल्या प्रकारे दाखल केलं आहे हे डॉक्टरांना विचारा. ‘स्वतंत्र रुग्ण’ म्हणजे स्वतःच्या अर्जावर दाखल झालेल्या असाल (कलम ८६) तर तुम्ही म्हणाल तेव्हा सोडावं लागतं, नातेवाइकाची सही लागत नाही. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. ‘साहाय्यित’ म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल केलं असेल (कलम ८९) तर ते ३० दिवसांपुरतं असतं. पुढे ठेवायचं तर कलम ९० खाली दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते, तीही पहिल्यांदा ९० दिवस, मग १२०, मग दरवेळी १८०. तुमच्या बाबतीत या परवानग्या आहेत का, हे पाहायला मागा. डॉक्टरच तुम्हाला बऱ्या म्हणत असतील तर त्या मिळायचं कारण नाही. पुष्कळदा जुन्या रुग्णांच्या फाइलीत त्या नसतातच आणि बाई नुसती राहिलेली असते.

आणि मुख्य गोष्ट कलम १९ मध्ये आहे: कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, राहायला घर नाही, या कारणांनी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. घरच्यांनी टाकलं असेल तर वकिलासह मदत देणं आणि तुमच्या घरात राहण्याचा हक्क मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या आपल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बऱ्या होऊनही वर्षानुवर्षं राहिलेल्या स्त्रिया आहेत. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात नुसतं हलवायचा प्रकार महाराष्ट्रात सुरू होता; गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये तो थांबवायला सांगितलं. तेव्हा ‘तुम्हाला आश्रमात टाकतो’ असं कुणी परस्पर ठरवू शकत नाही.

कार्यकर्तीताईंना सांगा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, फोन १५१००. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्या वकिलांकरवी मंडळापुढे सुटकेचा अर्ज करायचा. सोबत सुटकेनंतरची योजना मागा. कलम ९८ प्रमाणे ती तुमच्याशी बोलून करायची असते: राहणार कुठे, गोळ्या कोण देणार, पुढची तपासणी कुठल्या तारखेला कुठल्या दवाखान्यात, आवाज परत आले तर पहिला फोन कुणाला. एकदम कायमची सुटका करण्याऐवजी आधी कलम ९१ च्या रजेवर आठ-पंधरा दिवस बाहेर राहून पाहणं आम्हांला जास्त बरं वाटतं. बेत फसला तर परत येता येतं आणि ‘घरी टिकली नाही’ असा शिक्का बसत नाही. सुटका झाल्यावर गाडी बहुतेक वेळा औषधांवर अडते. महिन्याच्या गोळ्या संपतात, गावाजवळच्या दवाखान्यात त्या मिळत नाहीत, दोन महिन्यांत आजार उलटतो. म्हणून निघण्याआधी जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात नेमकी तीच गोळी मिळते का, हे समाजसेवा अधीक्षकांकडून फोन करून विचारून घ्या.

आता घर. ते यजमानांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी म्हणून तुमचा हिस्सा मुलाच्या बरोबरीचा आहे, आणि तो पूर्ण मालकीचा. त्याच कायद्याचं कलम २८ सांगतं की आजारामुळे कुणाचा वारसाहक्क जात नाही. मुलगा बहुधा हक्कसोडपत्रावर अंगठा मागत होता. तुम्हाला मनाचा आजार झाला होता म्हणून तुमची सही बाद होत नाही, आणि त्याच कारणाने तुमच्या वतीने दुसऱ्या कुणाला सही करण्याचा हक्कही मिळत नाही. घरात येऊ देत नसतील तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चं कलम १७ आईलाही लागू होतं. खर्चासाठी ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाह रक्कम महिना १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकते. तुमच्या वतीने संस्थाही हा अर्ज करू शकते.

कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर ते आता कोण उचलतं हे बँकेत लेखी विचारा. आजारी खातेदाराचा अंगठा घ्यायचा तर बँकेला ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यात एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मुलाने एकट्याने घेतलेल्या अंगठ्यावर पैसे निघत असतील तर शाखा व्यवस्थापकाला उत्तर द्यावं लागेल.

मी परिचारिका आहे. रात्री वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डात चाळीस खाटा आणि आम्ही दोघी. कुणी पडलं की मेमो आम्हांला. न बांधता सांभाळायचं कसं?

तुमची अडचण खरी आहे आणि तिचा भार तुमच्यावर पडू नये. कायद्याने मात्र हात बांधलेले आहेत: कर्मचारी कमी आहेत म्हणून बंधन घालता येत नाही, आणि साखळी तर कुठल्याच कारणाने नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत २८ जण गेले, ते साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही.

रात्री पडणाऱ्या बहुतेक आजी संडासला जाताना पडतात. म्हणून झोपण्याआधी एकदा, मग जागी असेल तिला दर दोन तासांनी संडासला नेणं हे सगळ्यांत उपयोगी पडतं. पडण्याचा धोका असलेल्या आठ-दहा जणींच्या खाटा संडासाजवळ आणि तुमच्या टेबलासमोर आणा. खाट शक्य तितकी खाली, खाटेचे कठडे एकदम वर नकोत, त्यावरून चढताना पडणं जास्त उंचावरून होतं. संडासापर्यंत मंद दिवा, पायात मागून पट्टा असलेली चप्पल. पाणी दिवसा भरपूर द्या, रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून दुपारपासून पाणी तोडू नका. पाणी तोडल्याने लघवीचा संसर्ग आणि भ्रम वाढतो, आणि मग रात्र जास्त वाईट जाते. लघवी वाढवणारी गोळी रात्री लिहिलेली असेल तर राऊंडला डॉक्टरांना सकाळी करायला सांगा. आणि प्रत्येक रात्री ड्युटीवर किती जणी होत्या हे रजिस्टरमध्ये लिहा. मेमो आला तर ती नोंदच तुमची बाजू सांगेल.

आईला (७४) शॉक द्यायचा म्हणतात. या वयात?

वय ही अडचण नाही. खाणं-पिणं सोडलेल्या, तीव्र नैराश्यातल्या वृद्धांत हा उपचार गोळ्यांपेक्षा लवकर आणि चांगला लागू पडतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देणं मात्र कलम ९५ प्रमाणे बंद आहे, हे आधी विचारा. ईसीजी, रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम आणि भूलतज्ज्ञांची तपासणी व्हायला हवी. सैल दात आणि कवळी सांगा. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा लागतो. त्या काळातलं काही आठवत नाही, ते बहुतांशी भरून येतं. संमती शक्यतो आईचीच, तिला समजेल अशा शब्दांत सांगून घ्यायची.

मी ६६ वर्षांची, दोनदा दाखल होऊन आलेय, सध्या ठीक आहे. पुन्हा वेळ आली तर माझ्या मनासारखं वागवतील, याची सोय आता करता येईल का?

येईल. कलम ५ मध्ये ‘आगाऊ निर्देश’ आहे. लेखी असावा, दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, आणि मंडळाकडे नोंदवावा. तुमची निर्णयक्षमता गेलेली असेल तेव्हाच तो लागू होतो. तातडीच्या उपचाराला तो लागू नाही. एरवी डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना तो पाळायचा नसेल तर मंडळाकडे जावं लागतं, परस्पर बाजूला ठेवता येत नाही.

मोघम लिहू नका. ‘मला सन्मानाने वागवावे’ या वाक्याचं वॉर्डात काही करता येत नाही. लिहा: कुठल्या औषधाने मागे काय त्रास झाला, कुठलं लागू पडलं आणि किती मात्रेत. कुठल्या रुग्णालयात चालेल, कुठे नको. केस कापू नयेत. साडी किंवा जो पोशाख हवा तो. चष्मा, श्रवणयंत्र उशाशी. अंघोळीला बाईच मदतीला असावी. नावाने हाक मारावी. कुणाला कळवायचं आणि कुणाला आजाराबद्दल काही सांगायचं नाही. प्रतिनिधी कोण, आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरी कोण. प्रतिनिधी म्हणून वारसाहक्कात गुंतलेलं माणूस शक्यतो टाळा. लिहिताना तुम्ही पूर्ण शुद्धीत होता असं नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी दोन ओळींत लिहून घेतलंत तर पुढे वाद घालायला जागा राहत नाही. मूळ प्रत प्रतिनिधीकडे, एक डॉक्टरांच्या फाइलीत, एक तुमच्या पर्समध्ये आधारकार्डाबरोबर. कपाटात कुलूपबंद ठेवलेला निर्देश दाखल होण्याच्या रात्री कुणाच्याच हाती लागत नाही. औषध बदललं की कागदही बदला आणि जुन्या प्रती मागून घेऊन फाडा.